‘परिया’ : बसमध्ये कपडे बदलणारी मुलगी

इंग्रजी भाषेत ‘परिया’ हा शब्द आज कोणाही बहिष्कृताला लावला जातो. राजकारणात एकटा पडलेला देश ‘परिया’ ठरतो आणि रस्त्यावरचे बेवारस कुत्रेही ‘परिया’च असते. हा शब्द तमिळ मुलखातल्या परैयर या अस्पृश्य जातीच्या नावावरून तिकडे गेला. ‘परै’ म्हणजे आपल्या हलगीच्या जवळचे चर्मवाद्य. ते वाजविणारे ते परैयर. युरोपातल्या व्यापाऱ्यांनी हा शब्द उचलून आपापल्या भाषांत नेला. नेता नेता त्यातली माणसे गळून पडली, बहिष्कार तेवढा शिल्लक राहिला. एका जिवंत समाजाचे नाव जगभर शिवीसारखे वापरले जाते, याचा राग आपल्याला यायलाच हवा. तो राग क्षणभर बाजूला ठेवून मी येथे एका चित्रपटाविषयी लिहिणार आहे. २०११ साली डी रीस या काळ्या अमेरिकन दिग्दर्शिकेने आपल्या पहिल्या कथापटाला हेच नाव दिले. चित्रपटात तमिळनाडूचा उल्लेख नाही, जातीचाही नाही. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात राहणाऱ्या सतरा वर्षांच्या एका काळ्या मुलीची ती गोष्ट आहे. मुलगी कविता लिहिते, आणि तिचे मन मुलींवर बसते.

एका अभ्यासवर्गात मी या चित्रपटाविषयी बोलले तेव्हा एक कार्यकर्ता उठून म्हणाला, “ताई, हे पोट भरलेल्यांचे प्रश्न. आमच्या वस्तीत नळाला पाणी नाही.” तो मनापासून बोलत होता, म्हणून त्याचे म्हणणे मी झटकून टाकले नाही. पण अमेरिकेतल्या काळ्या समलिंगी स्त्रियांना त्यांच्या चळवळीतल्या पुरुषांनी नेमके हेच ऐकविले होते, एवढे मी त्याला सांगितले. हा गोऱ्यांचा रोग आहे, आपल्यात असले काही नव्हते, आणि असलेच तर आधी वंशाची मुक्ती होऊ द्या, मग बघू. ‘आधी’ आणि ‘मग’ या दोन शब्दांत किती जणांची आयुष्ये संपली याचा हिशेब कोणत्याच चळवळीने ठेवलेला नाही.

काळ्यांच्या साहित्याशी आपले नाते जुने आहे. अमेरिकेत शिकून आलेल्या डॉ. म. ना. वानखडे यांनी ते साहित्य दलित लेखकांपुढे ठेवले. १९७२ साली दलित पँथरने आपले नावच ब्लॅक पँथरकडून घेतले. पण आपण वाचले कोणाला? रिचर्ड राइट, लँग्स्टन ह्यूज, जेम्स बाल्डविन. बाल्डविनचे पुरुषांवरचे प्रेम आपण सहसा तळटीपेतही घेतले नाही. १९६८ साली एल्ड्रिज क्लीव्हर या पँथर नेत्याने ‘सोल ऑन आइस’मध्ये त्याच गोष्टीवरून बाल्डविनवर घाव घातला होता. पुढे १९७० च्या ऑगस्टमध्ये ह्यूई न्यूटन या दुसऱ्या पँथर नेत्याने, समलिंगी मुक्तीच्या आणि स्त्रीमुक्तीच्या चळवळी आपल्या मित्र आहेत, आपल्या मनातली भीती आपण तपासली पाहिजे, असे जाहीरपणे मांडले. हा दुसरा पँथर आपल्याकडे फारसा पोचला नाही. स्त्रिया तर त्याहून उशिरा पोचल्या, आणि स्त्रीवर प्रेम करणाऱ्या काळ्या स्त्रिया बहुधा अजून वाटेतच आहेत.

आता चित्रपटाकडे वळू.

नायिकेचे नाव अलीके. मैत्रीण तिला ‘ली’ म्हणते. सुरुवातीला ती या मैत्रिणीबरोबर, लॉराबरोबर, काळ्या समलिंगी मुलींच्या क्लबात गेलेली आहे. अंगात ढगळ, मुलग्यासारखा शर्ट आणि डोक्यावर टोपी. परतताना रात्रीच्या बसमध्ये ती एकटीच उरते. घर जवळ येऊ लागते तशी ती टोपी काढते, वरचा शर्ट उतरविते, कानांत डूल घालते. प्रसंगात संवाद जवळजवळ नाही. ब्रुकलिनच्या पोलीस खात्यातल्या बापाच्या आणि नियमाने चर्चमध्ये जाणाऱ्या आईच्या घरात जी शिरते ती दुसरीच मुलगी असते. प्रेक्षकाला वाटते, बाहेरची ली खरी आणि घरातली अलीके खोटी. हा समज दिग्दर्शिकेने काही वेळ तसाच राहू दिला आहे आणि मग तो हळूहळू मोडला आहे. कारण क्लबातही ही मुलगी अवघडलेलीच आहे. तो ढगळ शर्ट म्हणजे लॉराचे अनुकरण आहे. आईने आणलेला गुलाबी टॉप तिचा नाही, तसा हाही पुरता तिचा नाही.

हा पेच समजून घ्यायचा तर काळ्या समलिंगी स्त्रियांच्या जगातली पोशाखाची भाषा थोडी माहीत हवी. पुरुषी ढंगाने राहणारीला तिथे ‘स्टड’ म्हणतात. गोऱ्या स्त्रियांच्या जगात तिलाच ‘बुच’ म्हणत. ‘स्टड’ म्हणजे पैदाशीसाठी राखलेला घोडा. गुलामीत ज्यांच्या बापजाद्यांची पैदास जनावरांसारखी मोजली गेली, त्यांच्या मुलींनी हा शब्द स्वतःला लावून घ्यावा यात केवढा उपहास आहे! बायकी ढंगाने राहणारी ती ‘फेम’. दोहोंच्या मधली ‘स्टेम’, म्हणजे स्टड आणि फेम यांची संधी. न्यूयॉर्क-न्यू जर्सीकडच्या तरुण मुलींत ‘ॲग्रेसिव्ह’ हाही एक शब्द रुळला. बाहेरच्याला ही नुसती नावे वाटतात. आतल्या माणसाला कोण कोणाला नाचायला बोलावील आणि रस्त्यात मार पडायची वेळ आली तर कोण पुढे उभी राहील, हे सारे त्यांतून कळते.

ही भाषा काल-परवाची नाही. १९२८ साली मा रेनी या ब्लूज गायिकेची ‘प्रूव्ह इट ऑन मी ब्लूज’ ही तबकडी निघाली. तिच्या जाहिरातीत पुरुषी हॅट, कोट आणि टाय घातलेली धिप्पाड स्त्री दोन मुलींशी बोलत उभी आहे आणि पलीकडून पोलीस तिच्यावर नजर ठेवून आहे. ही जाहिरात काळ्या गिऱ्हाइकांसाठी होती. म्हणजे, ‘असले काही आपल्यात नव्हते’ म्हणणाऱ्यांच्या आजोबांनी ही तबकडी विकत घेतलेली असण्याची शक्यता बरीच आहे. त्याच सुमारास हार्लेममध्ये १३३ व्या रस्त्यावरच्या क्लॅम हाउस या गुत्त्यात ग्लॅडिस बेंटली पियानोवर बसत. पांढरा टक्सिडो आणि उंच हॅट हा त्यांचा वेश. लोकप्रिय चालींवर स्वतः रचलेले चावट शब्द घालून त्या रात्रभर गात आणि समोरच्या बायकांची खुशाल छेड काढीत. गोरे श्रीमंतही त्यांना ऐकायला हार्लेममध्ये येत.

बेंटलींच्या आयुष्याचा उत्तरार्ध मात्र वाचवत नाही. मॅकार्थीच्या काळात अमेरिकेत समलिंगी माणसांची शिकार सुरू होती. १९५२ साली ‘एबनी’ या काळ्या मध्यमवर्गाच्या मासिकात त्यांच्या नावाने लेख आला. आपण औषधोपचाराने आणि पुरुषाच्या प्रेमाने पुन्हा स्त्री झालो, असा त्याचा आशय होता. सोबत झग्यातली, घरकाम करतानाची छायाचित्रे होती. १९६० साली त्या वारल्या. हा कबुलीजबाब मनापासून दिला की पोटासाठी दिला, हा वाद अभ्यासक घालीत बसतात. मला त्या छायाचित्रांविषयी बोलायचे आहे. टक्सिडोतली बेंटली हा रंगमंचावरचा वेश होता असे धरले, तर स्वयंपाकघरातली, झग्यातली बेंटली कोणत्या रंगमंचावर उभी होती? तिकीट काढून बसलेला प्रेक्षक तिथेही होताच. तो फक्त बदलला होता. हार्लेमच्या रात्रींत तो मौज करायला येई, ‘एबनी’च्या पानांवर तो आपली अब्रू तपासायला आला होता.

अब्रूचा हा धागा सोडून चालणार नाही. गुलामीत काळ्या स्त्रीला बाई म्हणून वागविलेच नव्हते. शेतात ती पुरुषाच्या बरोबरीने राबली, चाबूकही तिने बरोबरीनेच खाल्ला, आणि वर मालकाने तिच्या पोटाचा व्यापार केला. नाजूकपणा आणि लाज हे दागिने गोऱ्या स्त्रीसाठी राखून ठेवले होते. सोजर्नर ट्रूथ यांनी १८५१ साली ओहायोतल्या ॲक्रनच्या सभेत हाच मुद्दा मांडला. (त्या भाषणाचे जे रूप सर्वत्र पाठ केले जाते ते बारा वर्षांनी एका गोऱ्या स्त्रीने लिहून काढलेले आहे, आणि तिने ट्रूथ यांच्या तोंडी दक्षिणेकडची गुलामांची बोली घातली आहे. ट्रूथ वाढल्या न्यूयॉर्क राज्यात, डच बोलत. काळ्या स्त्रीचा आवाज कसा असावा हेही दुसऱ्यानेच ठरविले!) जे हिरावून घेतले गेले ते परत मिळविण्याची ओढ माणसाला असतेच. म्हणून काळ्या मध्यमवर्गाने आणि चर्चने आपल्या मुलींना हातमोजे, झगे, सरळ केलेले केस आणि खालची नजर शिकविली. ती गोऱ्यांची नक्कल होती, आणि तो बचावही होता. आमच्या मुलीला तुम्ही वेश्या समजू नका, मोलकरीण समजू नका, अशी ती विनवणी होती.

आपल्याला हे कळायला अवघड जाऊ नये. १९२७ च्या डिसेंबरात महाडला बाबासाहेबांनी आपल्या आयाबायांना सांगितले की, लुगडे वरच्या जातीच्या बायका नेसतात तसे नेसा, अस्पृश्य म्हणून ओळख पटविणारे ते जड दागिने टाका. कपड्याचे राजकारण आपल्या घरात तेव्हापासून आहे. ज्याच्या अंगावरच्या कापडावरून त्याची पायरी ठरविली गेली, तो कापडाला क्षुल्लक म्हणू शकत नाही. म्हणून अलीकेची आई ऑड्री मला खलनायिका वाटली नाही. ती मुलीसाठी गुलाबी टॉप आणते, तिला ‘चांगल्या’ मैत्रिणी शोधून देते, लॉराचा दुस्वास करते. कामाच्या जागी तिला जिवाभावाचे कोणी नाही, नवरा घरी असूनही नसल्यासारखा. चर्चची चारचौघांतली प्रतिष्ठा एवढीच तिची कमाई. मुलगी ती कमाई उधळते आहे असे तिला वाटते. किम वेयन्स या नटीने ही आई फार संयमाने उभी केली आहे. तिचा राग भीतीतून येतो हे सतत दिसत राहते.

पण ‘बायकी राहा’ असे सांगणारे एकटे चर्चच नव्हते, आणि ‘पुरुषी राहू नका’ असे सांगणाऱ्या तर खुद्द स्त्रीमुक्तीवाल्या होत्या. १९७० च्या दशकातल्या बहुतेक गोऱ्या समलिंगी स्त्रीवाद्यांना बुच-फेम ही जोडी म्हणजे नवरा-बायकोची नक्कल वाटली. पुरुषसत्ता झुगारून द्यायची आणि घरात पुन्हा तिचेच नाटक करायचे? सर्वांनी सारखे राहावे, असा त्यांचा आग्रह होता. सारखे म्हणजे काय, तर जीन्स आणि जाडाभरडा शर्ट. विद्यापीठात शिकणाऱ्या गोऱ्या मुलीने झगा टाकून मजुराचा शर्ट घातला तर तो विद्रोह ठरतो. जिची आई दुसऱ्यांच्या फरशा पुसण्यात म्हातारी झाली, त्या काळ्या मुलीला मजुरासारखे दिसण्यात विद्रोह दिसेलच असे नाही. तिची फेम मैत्रीण शनिवारी रात्री लिपस्टिक लावून, उंच टाचांचे बूट घालून निघते तेव्हा ती पुरुषसत्तेला शरण जात नसते. आठवडाभर जे अंग दुसऱ्याच्या कामाला जुंपलेले होते ते ती एका रात्रीपुरते आपले करते.

ऑड्री लॉर्ड यांनी हे आतून लिहिले आहे, आणि ‘परिया’ त्यांच्याच ओळीने सुरू होतो. १९३४ साली हार्लेममध्ये कॅरिबियन बेटांवरून आलेल्या आईबापांच्या पोटी त्या जन्मल्या. नावाच्या शेवटचे ‘वाय’ हे अक्षर त्यांनी लहानपणीच टाकून दिले. (चित्रपटातल्या आईच्या नावात ते अक्षर आहे, योगायोग असेल, पण गमतीचा आहे.) १९८२ च्या ‘झामी’ या आत्मकथनाला त्यांनी आत्मचरित्र, पुराण आणि इतिहास एकत्र आणणारे नवेच नाव दिले. ‘झामी’ हा कारियाकू बेटावरचा शब्द. मैत्रिणी म्हणून आणि प्रेयसी म्हणून एकमेकींबरोबर काम करणाऱ्या बायकांसाठी तो वापरतात. म्हणजे आपल्या प्रेमाचे नाव लॉर्ड गोऱ्यांच्या शब्दकोशातून घेत नाहीत, आजोळच्या बोलीतून घेतात.

१९५० च्या दशकात ग्रीनिच व्हिलेजमधल्या समलिंगी स्त्रियांच्या बारमध्ये काळ्या मुली हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. दारावरचा माणूस गोऱ्या मैत्रिणींना आत सोडी आणि लॉर्डना मात्र वयाचा दाखला विचारी. आत गेल्यावर दुसरे दार होते, ते भूमिकेचे. कोणती फेम सुंदर हे गोऱ्या पुरुषांच्या जगातल्या मापानेच ठरे; त्या मापात काळी मुलगी बसत नसे. म्हणून पुष्कळ काळ्या मुलींना कडक बुच होण्यावाचून गत्यंतर नसे. लॉर्ड म्हणतात की फेम व्हायला लागणारा गोडवा आपल्यात नव्हता आणि बुच व्हायला लागणारा कडकपणाही नव्हता. कोणतीच भूमिका न घेणाऱ्यांना तिथे हिणवीत असत. थोडक्यात, बहिष्कृतांच्या बारमध्येही एक कोपरा बहिष्कृतांसाठी होताच. पुस्तकाच्या शेवटाकडे काळ्या स्त्रियांच्या घरगुती मेजवान्या येतात, तिथे हवा बदलते. दार लावून घेतलेले घर, टेबलभर खाणे, मंद नाच. सार्वजनिक बारवर हक्क नसलेल्यांनी आपल्या घरांतच बार केला. बफेलो शहरातल्या समलिंगी स्त्रियांच्या आठवणींवरून एलिझाबेथ केनेडी आणि मॅडलिन डेव्हिस यांनी १९९३ साली जो इतिहास लिहिला, त्यातही काळ्या स्त्रियांच्या या घरगुती मैफली भेटतात.

लॉर्ड स्वतः या भूमिकांच्या विरुद्ध होत्या. भूमिकांत त्यांना वर्चस्व दिसे. त्यांचा मी आदर करते, पण येथे त्यांची बाजू पूर्ण मानता येत नाही. बारमधला अनुभव त्यांनी खरा टिपला; त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र सर्वांना लागू पडत नाही. ‘परिया’ आला त्याच वर्षी, २०११ मध्ये, मिन्यॉन मूर या काळ्या समाजशास्त्रज्ञ बाईंचे ‘इन्व्हिजिबल फॅमिलीज’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. न्यूयॉर्कमधल्या सुमारे शंभर काळ्या समलिंगी स्त्रियांमध्ये राहून, वावरून त्यांनी हा अभ्यास केला. तिथे त्यांना भूमिका मेलेल्या दिसल्या नाहीत. बायकी, पुरुषी आणि दोहोंचे मिश्रण करणाऱ्या अशा स्त्रिया त्यांना भेटल्या. पण गंमत पुढेच आहे. पुरुषी दिसणारी ती ‘नवरा’ आणि घरात सत्ता तिची, असे बाहेरचा जग धरून चालतो. मूर यांनी मुले असलेली घरे पाहिली, तेव्हा पैशाच्या आणि मुलांच्या बाबतीत ज्या स्त्रीने मूल जन्माला घातले तिचा शब्द वजनदार निघाला. घरकाम जास्त तीच करते, आणि घरावरचा ताबाही तीच ठेवते. म्हणजे पँट कोणी घातली यावरून घरचा कर्ता ठरत नाही. नक्कल म्हणून हिणविणाऱ्यांनी कपडे पाहिले, घर पाहिलेच नाही.

पँटवरून ॲलिस वॉकर यांची १९८२ सालची ‘द कलर पर्पल’ आठवते. नवऱ्याचा मार खाल्लेली सीली शग या गायिकेच्या प्रेमात सावरते आणि पँटी शिवण्याचा धंदा काढते. शेवटी तोच नवरा तिच्या शेजारी बसून शिवण शिवतो. पोशाखातून पुरुषसत्तेला दिलेले एवढे घरगुती, एवढे खट्याळ उत्तर मी दुसरे वाचलेले नाही. १९८५ च्या स्पीलबर्गच्या चित्रपटात पँटी राहिल्या, दोघींचे प्रेम मात्र एका चुंबनापुरते उरले.

घराबाहेर मात्र हे पोशाख जिवावर बेतू शकतात. ११ मे २००३ च्या पहाटे न्यू जर्सीतल्या न्यूअर्क शहरात पंधरा वर्षांची साकिया गन मैत्रिणींबरोबर बसची वाट पाहत होती. ग्रीनिच व्हिलेजमधून, म्हणजे लॉर्डच्या त्याच जुन्या वस्तीतून, त्या मुली परतत होत्या. साकिया ‘ॲग्रेसिव्ह’ मुलींपैकी होती. गाडीतून आलेल्या पुरुषांनी त्यांची छेड काढली. आम्ही समलिंगी आहोत, असे मुलींनी सांगितले. भांडणात साकियाला भोसकले गेले आणि ती मेली. तिच्या अंत्यविधीला हजारोंनी माणसे आली. १९९८ साली वायोमिंगमध्ये मॅथ्यू शेपर्ड या गोऱ्या समलिंगी तरुणाचा खून झाला तेव्हा सारा देश हादरला होता. या काळ्या मुलीसाठी वर्तमानपत्रांना तेवढी जागा सापडली नाही. बसमध्ये टोपी काढणारी अलीके पाहताना न्यूअर्कचा तो बसथांबा आठवल्यावाचून राहत नाही. आई रागावेल म्हणूनच ती कपडे बदलते असे नाही. रात्र, रस्ता आणि पुरुष यांचाही त्यात हिशेब आहे.

चित्रपटात आई ज्या ‘चांगल्या’ मुलीशी अलीकेची गाठ घालून देते, त्या बिनाशीच तिचे प्रेम जमते. बिनाला वेगळे संगीत आवडते, तिच्या राहणीत स्टड-फेमचे ठोकळे नाहीत. तिच्यापाशी अलीके पहिल्यांदा मोकळी होते. एक रात्र दोघी एकत्र काढतात. सकाळी बिना सांगते की ती ‘तसली’ नाही, हा एक खेळ होता, कोणाला कळू देऊ नकोस. ज्यांना परतायला सुरक्षित घर आहे त्यांना असे प्रयोग परवडतात. अलीकेने तोवर लॉरासारखी दिसण्यासाठी नाना खटपटी केल्या. लॉराकरवी पुरुषी लिंगाचे साधन आणवून तेही बांधून पाहिले आणि ते आपले नाही हे कळून टाकून दिले. आता बायकी बाजूचेही दार बंद झाले. मग घरात आईबापांचे कडाक्याचे भांडण होते आणि त्यात अलीके खरे ते बोलून टाकते. आई तिला मारते. ती लॉराच्या आश्रयाला जाते.

येथून पुढे दिग्दर्शिकेने शब्दाला हात घातला आहे. तिच्या शिक्षिकेने आधीच सांगितले होते की कविता अजून खोल जाऊ दे. ती आता जाते. कोणत्या कपड्यांत आपण ‘आपण’ आहोत हा प्रश्न अलीके कपड्यांत सोडवीत नाही. बाप परत न्यायला येतो तेव्हा ती जात नाही; आपण पळून जात नसून निवड करीत आहोत, अशा अर्थाचे बोलते. आईला भेटून ती सांगते की माझे तुझ्यावर प्रेम आहे. आई म्हणते, मी तुझ्यासाठी प्रार्थना करीन. आणि मुलगी लवकर मिळालेल्या प्रवेशावर कॅलिफोर्नियाला शिकायला जाते.

हा शेवट मला पटतो आणि खुपतोही. पटतो, कारण आत्माविष्काराचा हक्क म्हणजे दोन तयार गणवेशांतून एक निवडण्याचा हक्क नव्हे, हे त्याने नीट ओळखले. खुपतो तो लॉरामुळे. लॉरा ही पूर्ण स्टड आहे. तिला आईने घराबाहेर काढले आहे, ती बहिणीकडे राहून नोकरी करते, शाळा अर्धवट सुटलेली. अलीकेला पैसे, हिंमत, छप्पर हे सारे तिनेच पुरविले, आणि बहुधा मनातून प्रेमही केले. पर्नेल वॉकर या नटीने तिला असे रंगविले आहे की, पुरुषी ढंग म्हणजे पुरुषाची उर्मटगिरी, हा समज कोणाचा असलाच तर तिथेच विरघळतो. मग आपले खरे रूप सापडण्यासाठी लॉराची भूमिका ओलांडून जावी लागते, असा अर्थ चित्रपटातून का निघावा? अलीकेला भूमिका काचते, म्हणून ती सर्वांनाच काचते काय? लॉरा त्या ढगळ शर्टात सुखाने उभी आहे. तिच्यापुरते ते सोंग नाही, ते तिचे घरचे कपडे आहेत. ज्या गोऱ्या स्त्रीवाद्यांनी भूमिकांना मागासलेपण म्हटले, त्यांच्या मताची एक पुसट सावली या शेवटावर पडली आहे.

दुसरे असे की सुटका होते ती कविता लिहिणारीची. शिष्यवृत्ती, विद्यापीठ, दूरचे शहर. आपल्या आत्मकथनांतही वाट बऱ्याचदा हीच असते: हुशार मुलगा वस्तीतून निघतो, मागे राहिलेली बहीण एका प्रकरणापुरती येते. कॉम्बाही रिव्हर कलेक्टिव्ह हा काळ्या समलिंगी स्त्रीवाद्यांचा गट १९७४ साली बॉस्टनमध्ये उभा राहिला. १८६३ साली हॅरिएट टबमन यांनी ज्या नदीवरच्या मोहिमेत सातशेहून अधिक गुलाम सोडविले, त्या नदीचे नाव त्यांनी घेतले. १९७७ च्या आपल्या निवेदनात त्यांनी पुरुषांपासून फारकत घेणारे राजकारण नाकारले. वंशवादाशी काळ्या पुरुषांच्या बरोबरीने लढायचे आणि पुरुषी वर्चस्वाबद्दल त्यांच्याशीही लढायचे, अशी त्यांची भूमिका होती. त्यांनी सुटकेचा विचार एकीपुरता केला नाही. ‘परिया’ तो एकीपुरता करतो. चित्रपटाला तेवढीच जागा असते, हे मी समजू शकते.

तरी एक प्रसंग दिग्दर्शिकेने लॉराला दिला आहे आणि चित्रपटातला तो सर्वांत उजवा आहे. लॉरा शाळेची राहिलेली परीक्षा बाहेरून देते आणि पास होते. ही बातमी सांगायला ती आपल्या आईच्या दारात जाते. आई दार उघडते. लॉरा सांगते की मी पास झाले, मी कामाला आहे, माझे बरे चालले आहे. आई एक शब्द बोलत नाही. दार बंद होते. लॉराच्या अंगात तिचे नेहमीचेच कपडे आहेत. आईकडे जाताना तिने ते बदललेले नाहीत.